काँक्रीटचा कडीपाट : हलका प्रीकास्ट स्लॅब कोकणात कितपत जमतो?

पाखाडी

नमस्कार. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. धागा काढायची ही पहिलीच वेळ, तेव्हा सांभाळून घ्या. मी आर्किटेक्ट, काम रत्नागिरी जिल्ह्यात, बहुतेक जुनी घरं.

सध्या गुहागर तालुक्यातलं एक चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) घर हातात आहे. ओटी, पडवी, माजघर सगळं जागच्या जागी, दीड फुटी भिंती मातीत रचलेल्या. वरचा माळा मात्र वाळवीने पोखरलाय. तीन भाऊ, तिघांची बिऱ्हाडं मुंबईत, आणि गणपतीत सगळ्यांना एकाच छपराखाली झोपायचं असतं. म्हणून माळ्याच्या जागी राहती माडी हवी. ठेकेदाराने उभ्या उभ्या उत्तर दिलं, "भिंतीला लागून कॉलम काढू, पाच इंची स्लॅब घालू, झालं." कॉलमसाठी खड्डे खणले की मातीतल्या पायाचं काय होणार, असं विचारलं. तर म्हणे, भिंत पडलीच तर नवी बांधू!

आता वजन बघा. पाच इंच म्हणजे १२५ मिलिमीटर. आरसीसीचं (सळई घातलेल्या काँक्रीटचं) वजन घनमीटरला २५०० किलो धरतात, म्हणजे स्लॅबच्या चौरस मीटरला ३१२ किलो. माडी ६२ चौरस मीटरची, म्हणजे नुसता स्लॅबच १९ टनांच्या वर. फरशी, पार्टिशन, कपाटं, माणसं यातली एकही गोष्ट अजून धरलेली नाही.

म्हणून दुसरा मार्ग शोधला. रुरकीच्या सीबीआरआयने (सेंट्रल बिल्डिंग रिसर्च इन्स्टिट्यूट) फार पूर्वी बसवलेली एक पद्धत आहे : प्रीकास्ट प्लँक आणि जॉइस्ट, म्हणजे आधीच साच्यात ओतून ठेवलेल्या काँक्रीटच्या फळ्या आणि त्यांना खालून धरणाऱ्या छोट्या तुळया. तिची दोन भारतीय मानकंही आहेत, दोन्ही १९९४ची : आयएस १३९९० सुट्या भागांसाठी आणि आयएस १३९९४ डिझाइन-बांधकामासाठी. जॉइस्ट १५ सेंटिमीटर रुंद, १५ उंच, आणि त्याच्या सळयांभोवतीच्या रिंगा वर मोकळ्या ठेवलेल्या. त्यावर फूटभर रुंदीचे, जास्तीत जास्त दीड मीटर लांबीचे प्लँक बसतात, मध्ये ६ सेंटिमीटर जाड आणि टोकांना ३. टोकांवरच्या त्या पातळ खोबणीत जागेवर काँक्रीट भरलं की जॉइस्ट आणि प्लँक एकजीव होतात आणि एकूण खोली २१ सेंटिमीटर मिळते.

वर्णन वाचून ओळखीचं वाटलं ना? कडीपाट! आपल्या आजोबांच्या घराचं छत. कडी सागवानाऐवजी काँक्रीटची आणि पाटही काँक्रीटचा, एवढाच फरक. मी तर आता साइटवर जॉइस्ट-प्लँक म्हणणं सोडूनच दिलंय. कडी-पाट म्हटलं की गवंड्याला ड्रॉइंग दाखवायच्या आधीच कळतं.

या घरात जुन्या कड्या दोन-दोन फुटांवर होत्या. त्यांची भिंतीतली घरं, म्हणजे चिऱ्यात कोरलेले कोनाडे, अजून शाबूत आहेत. नवी कडी मी एकाआड एक घरात बसवतेय, म्हणजे चार फुटांवर. पाट त्या हिशेबाने ११५ सेंटिमीटरचा. असं केलं की वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या आत येतं. पूर्ण माडीवर सात टन कमी.

वजनासाठीच या वाटेला गेले होते. पण खरी गुंतले ती ड्रॉइंगवर. साधा स्लॅब काढताना आपण आधी खोल्या आखतो, मग स्ट्रक्चरलवाल्याकडे पाठवतो आणि तो बीम कुठे येणार ते सांगतो. इथे ते चालतच नाही. पहिली रेघ मारण्याआधी पाटाची लांबी ठरवावी लागते. खोलीची लांबी त्या पटीत, खिडकी दोन कड्यांच्या मधोमध, जिना एक संपूर्ण गाळा (दोन कड्यांमधली जागा) सोडून. पूर्वीचे लोक घर खणांत मोजायचे ते याचसाठी, हे पाच वर्षं कॉलेजात शिकून मला कळलं नव्हतं, एका पाटाने कळवलं. शिवाय छत खालून उघडं ठेवता येतं. साच्यातून निघालेला पाट गुळगुळीत असतो, त्याला प्लास्टर नको, पीओपीचं फॉल्स सीलिंग नको. संध्याकाळी ओटीवरून तिरपा उजेड आत येतो तेव्हा कड्यांच्या सावल्या पडतात. कुठे वरून उजेड हवा असेल तर दोन पाट कमी घालायचे आणि तिथे काच टाकायची.

इथे कुणी किनाऱ्यावर हे केलं आहे का? काय चुकेल ते सांगा. कौतुक नंतर करा.

वळचणीचा_चिमणा

कौतुक नंतरच करतो. आधी एक शंका : आमच्या घराचा कडीपाट काढून वडिलांनी १९९२ साली स्लॅब घातला तेव्हा अख्खा गाव बघायला आला होता. आता तुम्ही स्लॅब सोडून कडीपाट घालताय. पुढच्या पिढीने काय करायचं ते आत्ताच लिहून ठेवा.

सळई

स्ट्रक्चरल इंजिनिअर, कोल्हापूर. कोकणातली बरीच कामं बघतो. कल्पना चांगली आहे, पण ताई, एक मोठं भोक राहिलंय.

कव्हर! पाटाचं टोक ३ सेंटिमीटर जाड. त्यात सळई घातली की खाली काँक्रीट किती राहणार? पंधरा मिलिमीटर, फार तर. रुरकीत ते चालेल. काँक्रीटचं मानक आयएस ४५६:२००० उघडा. सौम्य वातावरणाला २० मिमी कव्हर, मध्यमला ३०, तीव्रला ४५, अतितीव्रला ५०. किनाऱ्याजवळच्या पण खारट वाऱ्यापासून आडोशाला असलेल्या काँक्रीटला ते मानक मध्यममध्ये टाकतं. उघड्यावर, किनारी हवेत असलेलं काँक्रीट तीव्रमध्ये जातं, आणि लाटांचे तुषार येत असतील तर अतितीव्र. तुमचं घर समुद्रापासून किती लांब आहे ते लिहिलं नाहीत, पण खोलीच्या आतल्या पाटालाही ३० मिमी कव्हर पाहिजेच. सज्जाला हा पाट वापरायचा विचारसुद्धा करू नका.

हे पुस्तकी खूळ नाही. लोखंड गंजलं की त्याचा गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागतो आणि काँक्रीट आतून फोडतो. किनाऱ्यावरच्या कुठल्याही पंचवीस-तीस वर्षं जुन्या बंगल्याच्या पोर्चखाली उभं राहून वर बघा. खपल्या निघालेल्या आणि सळया दात विचकून हसताना दिसतात. जाड स्लॅबला निदान थोडी उसंत असते. पातळ भागाला चूक परवडत नाही.

दुसरं, जोड. प्रीकास्टमध्ये तुकडा सहसा मरत नाही, जोड मरतो. २६ जानेवारी २००१च्या भुज भूकंपात कच्छमधल्या प्रीकास्ट भागांनी बांधलेल्या एकमजली शाळा मोठ्या संख्येने कोसळल्या, कारण छताचे तुकडे एकमेकांना आणि भिंतींना नीट बांधलेले नव्हते. आपल्याकडे कोयना फार लांब नाही, ११ डिसेंबर १९६७च्या भूकंपाबद्दल जुन्या लोकांना विचारा. ओतीव स्लॅब स्वतःच एक अखंड ताट असतो, भूकंपात सगळ्या भिंतींना धरून ठेवतो. तुमचे सुटे पाट म्हणजे ताटाऐवजी पत्रावळ. काड्या नीट टोचल्या तरच ती ताटाचं काम करते. तेव्हा भिंतींच्या माथ्यावरून चहूबाजूंनी आरसीसीचा पट्टा, कड्यांच्या सळया त्या पट्ट्यात वळवून अडकवलेल्या, आणि कडीवरच्या खोबणीतून आडव्या जाणाऱ्या सळया सलग. हे नसेल तर मी सही करणार नाही.

आणि भिंतीतल्या जुन्या कोनाड्यात कडी नुसती टेकवून ठेवू नका. चिरा ठिसूळ आहे, आणि ओला झाला की आणखी कमजोर. प्रत्येक कोनाड्यात आधी काँक्रीटचा ठोकळा, मग त्यावर कडी.

पाखाडी

सळई, मनापासून आभार. कव्हरचं खरंच सुटलं होतं. मानकातला पाट जसाच्या तसा उचलला होता मी.

काल रात्री पुन्हा मांडलं. घर समुद्रापासून चार किलोमीटर आत, डोंगराच्या कुशीत आहे. आतल्या खोल्यांना मध्यम धरलं. पाटाचं टोक ३० वरून ४५ मिमी, मधली जाडी ७०, खाली ३० मिमी कव्हर, काँक्रीट एम ३० प्रतीचं, सळई गॅल्व्हनाइज्ड (जस्त चढवलेली). वजन वाढलं. चौरस मीटरला सव्वादोनशे किलो झालं. म्हणजे सात टनांची बचत साडेपाचवर आली. तरी मला ती घ्यावीशी वाटते, कारण या भिंतींसाठी साडेपाच टन म्हणजे काय ते मी रोज त्यांच्याकडे बघून अनुभवते.

एका पाटाचं वजन पन्नास किलोच्या आसपास. दोन माणसं सिमेंटच्या गोणीसारखा उचलतील. कडी मात्र सव्वादोनशे किलोची आहे.

पट्टा घेतेय. मजा अशी की पट्ट्याने ड्रॉइंग सुधारलं. जुनी भिंत जिथे संपते आणि नवी हलकी भिंत जिथे सुरू होते तिथे एक सलग आडवी रेघ हवीच होती, मी उगाच लाकडी पट्टीने ती दाखवत होते.

सज्जाचं म्हणाल तर तो काढूनच टाकला. पाट एकाच दिशेने वजन नेतो, त्याला भिंतीबाहेर लटकवणं म्हणजे त्याच्या स्वभावाविरुद्ध जाणं. कौलांची वळचण पुढे आणली, पावसाला तीच बरी.

खाडीपलीकडे

मी कुडाळचो, छोटो कॉन्ट्रॅक्टर. ताईंनू, तुमचा सगळा पटला. पण सव्वादोनशे किलोची कडी उचलूची कोणी? माझ्याकडे सहा गडी आसत, त्यातले चार एप्रिलात आंब्याच्या बागेत जातत. हायड्रा (क्रेन) बोलवूक गेलो तर तो म्हणता आधी रस्तो दाखव. आमच्या पाणंदीत बैलगाडी वळणा नाय, हायड्रा खयसून वळतलो?

एक उपाय सांगतंय. आमचे आजे लाकडाचो आढो चढवत तसाच करूचा. दोन बाजूंका पायपांचे घोडे, मधी आडवो पायप, त्येका एक टनाची चेन पुली. कडी जमिनीवरून सरळ वर. दिवसाक चार चढतत. मी बीम असेच चढवलंय. फक्त कडी मधल्यामधे दोरी घालून उचलू नका, दोन टोकांच्या जवळ हूक ठेवा ओततानाच. मधे धरलास तर वरसून तडो जाता, आणि तो मगे कोणाक दिसणा नाय.

निवृत्त_ओव्हरसियर

चौतीस वर्षं सरकारी बांधकामात काढली, त्यातली बहुतेक दापोली-मंडणगड-खेड पट्ट्यात. वरचे सगळे मुद्दे रास्त. मी एकच जोडतो, आणि तो मला सर्वात मोठा वाटतो : पंचांग.

कोकणात बांधकामाचे महिने किती? दिवाळीनंतर सुरू, मे अखेर बंद. त्यात शिमग्याला लेबर गावाला, एप्रिल-मेत विहिरी तळाला. स्लॅब नेमका मे महिन्यात येतो. सेंट्रिंगवाले सगळ्यांना एकदमच हवे असतात, ते तारखा देतात आणि येत नाहीत. मग घाईत स्लॅब पडतो, पाणी मारायला पाणी नसतं, वर गोणपाट टाकून दिवसातून दोनदा बादली शिंपडतात. त्या स्लॅबवर सात जूनला पाऊस. मी असे किती स्लॅब पास केले ते आता सांगत नाही.

पाट आणि कड्या मात्र डिसेंबरातच ओतून ठेवता येतात. पायाचं काम चालू असताना अंगणाच्या कडेला, सारवलेल्या सपाट जागेवर, चार लोखंडी साचे घेऊन रोज आठ-दहा पाट. दोन दिवसांनी उचलून टाकीत बुडवायचे. डिसेंबरात विहिरीला पाणी असतं आणि टाकीतलं पाणी उडून जात नाही, त्यामुळे क्युरिंग खऱ्या अर्थाने होतं. एखादा पाट बिघडला तर बाजूला काढायचा, अंगणात पायरीला वापरायचा. ओतलेल्या स्लॅबचा बिघडलेला तुकडा बाजूला काढता येतो का?

खाडीची वाळू मात्र कुणी फुकट दिली तरी घेऊ नका. मीठ असतं. क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) घ्या.

जाता जाता छपराबद्दल. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्याला लागलं आणि आमच्या भागातली कौलं, पत्रे पानांसारखे उडाले. तेव्हापासून जो तो म्हणतो, डोक्यावर स्लॅबच हवा. मग तो सपाट स्लॅब गळतो आणि तीन वर्षांत त्यावर पत्र्याची शेड येते. हा हलका कडीपाट माडीच्या जमिनीला घाला. छप्पर उताराचंच ठेवा, फक्त वासे आणि कौलं खाली पट्ट्याला नीट बांधा. हलकं छप्पर वाऱ्याने वर ओढलं जातं, त्याला खाली धरून ठेवणारं काहीतरी पाहिजे.

चाकरमानी_राजापूर

एवढा खटाटोप करण्यापेक्षा सिपोरेक्सचे स्लॅब मिळतात ना तयार? ते तर पाण्यावर तरंगतात म्हणे. आणि शहरात मोठमोठ्या पार्किंगला ते भोकवाले स्लॅब टाकतात, ते का नाही? आमचंही घर आहे राजापूरला, म्हणून विचारतो.

पाखाडी

चांगला प्रश्न. दोन्ही वेगळे प्राणी आहेत.

सिपोरेक्स हे खरं तर एका ब्रँडचं नाव, आपल्याकडे सगळ्याच एएसीला तेच म्हणतात. हवेच्या बुडबुड्यांनी फुगवलेलं काँक्रीट. १९२० च्या दशकात स्वीडनच्या जोहान एरिकसन यांनी शोधलं आणि ते स्वतः आर्किटेक्ट होते, म्हणून मला जरा जास्तच प्रेम. भिंतीचे ब्लॉक घनमीटरला ५५०-६५० किलोचे, म्हणून तरंगतात. सळई घातलेले जमिनीचे पॅनेलही असतात, ६० सेंटिमीटर रुंद, आयएस ६०७३ त्यांचंच मानक. वजनात त्यांना कुणी हरवू शकत नाही, उष्णताही अडवतात, करवतीने कापता येतात. पण ते काँक्रीट सच्छिद्र असतं. साध्या काँक्रीटसारखं ते सळईला गंजापासून राखत नाही, म्हणून कारखान्यातच सळईवर लेप द्यावा लागतो. साइटवर कुणी पॅनेल कापलं की त्या कापलेल्या टोकाशी सळई उघडी पडते. शहरात कदाचित खपेल. चार महिने भिंतींना ओल असणाऱ्या घरात मी ती जोखीम घेत नाही. भिंतींना मात्र खुशाल वापरते. या माडीच्या आतल्या भिंती त्याच आहेत.

भोकवाला म्हणजे हॉलो कोअर. त्याची माझी एक गोष्ट आहे.

काही वर्षांपूर्वी गणपतीपुळ्याच्या अलीकडे एक होमस्टे केला. जेवणघर ७.२ मीटर रुंद आणि मालकाची अट एकच : ताटावरून मान वर केली की मध्ये काही न येता समुद्र दिसला पाहिजे. ओतीव स्लॅब घेतला तर दीड-दोन फुटी बीम लटकणार. हॉलो कोअर २०० मिमीचा घेतला, १.२ मीटर रुंदीचे तुकडे, वरून ६० मिमीचं जाळी घातलेलं काँक्रीट. भोकांमुळे तो तेवढ्याच जाडीच्या भरीव स्लॅबच्या जवळपास निम्म्या वजनाचा असतो आणि आत ताणून बसवलेल्या पोलादी तारांमुळे एवढं अंतर सहज पेलतो. मध्ये खांब नाही, खाली बीम नाही, खाली टेकूंचं जंगल नाही. स्लॅब बसला त्याच संध्याकाळी आम्ही त्याखाली बसून चहा प्यायलो. आर्किटेक्टच्या आयुष्यात असे चहा थोडे.

आता उरलेलं. स्लॅब घाटावरच्या कारखान्यातून यायचे होते. मोठा ट्रेलर कुंभार्ली घाटाच्या वळणात अडकला. मागेपुढे करत दोन तास वाहतूक तुंबली, शिव्या मी फोनवरून ऐकल्या. शेवटी चिपळूणला माल उतरवून लहान गाड्यांनी खेपा केल्या. एकेक तुकडा दोन टनांचा, त्यामुळे हायड्रा लागलाच. सुदैवाने तिथे रस्ता होता.

दुसरं दुखणं पावसाने दाखवलं. बसवल्यानंतर वरचं काँक्रीट पडेपर्यंत आठवडा गेला आणि त्यात अवकाळी पाऊस आला. पाणी भोकांत शिरलं आणि तिथेच बसलं. टोकं बंद, जाणार कुठे? चार महिन्यांनी, बाहेर लख्ख ऊन असताना, जेवणघराच्या छतातून टिपूस टिपूस. मालकाला वाटलं वरचं बाथरूम गळतंय, त्याने अख्खी फरशी उखडली. शेवटी प्रत्येक भोकाखाली बारीक छिद्र पाडलं तेव्हा बादलीभर पाणी निघालं. ही छिद्रं कारखान्यातच पाडून घ्यायची असतात. मी विचारलं नव्हतं, त्यांनी सांगितलं नव्हतं. आता माझ्या प्रत्येक ड्रॉइंगवर लाल शाईत असतं.

तेव्हा चाकरमानीसाहेब, राजापूरच्या घराला दारापर्यंत ट्रक येतो का आणि खोली किती रुंद आहे, या दोन गोष्टी आधी सांगा. साडेतीन-चार मीटरच्या खोलीला हॉलो कोअर म्हणजे मुंगीला मुसळ. शिवाय वरच्या काँक्रीटसकट तो चौरस मीटरला चारशे किलोच्या पुढे जातो. तुमच्या पाच इंची स्लॅबपेक्षा जड! 'हलका' हा शब्द विक्रेते लांब अंतरांच्या तुलनेत वापरतात, ते लक्षात ठेवा.

तिसरं_वर्ष_आर्किटेक्चर

ताई, धागा अख्खा वहीत उतरवून घेतला. दोन प्रश्न. एक, संडास-बाथरूम कसं करता? सरांनी सांगितलंय की तिथे स्लॅब खाली घ्यावा लागतो. दोन, वायरिंग कुठून नेता? स्लॅबमध्ये पाइप टाकता येत नाहीत ना?

पाखाडी

१. बाथरूमच्या गाळ्यात पाट घालतच नाही. दोन कड्यांमधला तेवढा भाग साधा, खाली दबलेला, जागेवर ओतलेला. सुट्या तुकड्यांचे सांधे आणि पाणी यांचं जमत नाही, तिथे हट्ट करायचा नसतो. मात्र त्यामुळे वरच्या दोन्ही बाथरूम एकाच गाळ्यात, एकमेकांना पाठ लावून आणि खालच्या मोरीच्या बरोबर वर आणाव्या लागल्या. प्लंबर खूश.

२. कडीच्या बाजूने उघडा पाइप, काळा रंगवलेला. पंख्याचा हूक कडीत, ओततानाच. नंतर भोक पाडायला आलेल्या इलेक्ट्रिशियनला जिन्यावरच अडवायचं. हॉलो कोअरमध्ये तर हे जास्त कडक. खालच्या तारा कापल्या गेल्या तर स्लॅबच गेला. भोक कुठे पाडायचं ते कारखान्याला आधी कळवावं लागतं.

म्हणजे काय, दिव्याचं बटण कुठे हे घरमालकिणीला डिसेंबरात विचारायचं आणि त्यांनी मेमध्ये मत बदलायचं नाही. हे दुसरं मला अजून जमलेलं नाही.

वळचणीचा_चिमणा

सगळं ठीक, पण गौरीच्या रात्री माडीवर पंचवीस बायका फुगड्या घालणार, त्याचं काय? खाली माजघरात आम्ही झोपायचं असतं.

सळई

चेष्टा नाही, हा नेमका प्रश्न आहे.

ताकदीची काळजी नको. घराच्या खोलीला आयएस ८७५ हे भारांचं मानक चौरस मीटरला सुमारे दोनशे किलोचा वापरभार धरायला सांगतं आणि त्यावर सुरक्षिततेचा गुणक असतो. प्रश्न हादऱ्याचा आणि आवाजाचा. हलकी जमीन तालावर उडी मारली की जड जमिनीपेक्षा जास्त थरथरते. म्हणून कडीची खोली कंजूषपणे ठरवू नका. मानकात बसते म्हणून १५ सेंटिमीटरच, असं नको. तुमच्या ७० मिमीच्या पाटासकट २२ होतात. साडेतीन मीटरला पुरेसं आहे, चारच्या पुढे गेलात तर कडी वाढवा.

आवाजाचं गणित सोपं आहे. वजन कमी केलं की आवाज अडवायची ताकद कमी होते, ते फुकट मिळत नाही. बोलण्याचा आवाज पाटांच्या सांध्यांतून खाली येतो, म्हणून सांधे ग्राउटने (पातळ सिमेंटच्या मसाल्याने) गच्च भरा. पावलांचा आवाज कमी करायला फरशीखाली मऊ थर लागतो. किंवा गौरीच्या रात्री चिमणराव स्वतः वर जाऊन नाचतील.

खाडीपलीकडे

चिमणो नाचलो तर हादरो कमीच येतलो. 😄

पाखाडी

बऱ्याच दिवसांनी येतेय. काम चालू होतं.

बाराच्या बारा कड्या चढल्या. खाडीपलीकडे, तुमचे घोडे आणि चेन पुली अगदी चोख. दिवसाला चार नाही जमल्या, तीन जमल्या, कारण चौथीच्या वेळी चहा असायचा. प्रत्येक कडीच्या मधोमध एक टेकू ठेवलाय, वरचं काँक्रीट पिकेपर्यंत राहील. बाकी खाली मोकळं. सुतार त्याच माजघरात बसून जुन्या खिडक्या दुरुस्त करतोय. पावणेदोनशेच्या आसपास पाट लागले, त्यातले नऊ नापास झाले, ओव्हरसियरकाकांच्या सल्ल्याप्रमाणे तुळशीपुढची पायरी झाली. एका गाळ्यात माप चुकलं माझं. जुनी भिंत एका टोकाला दोन इंच आत झुकलीय, ते मी दोरी लावून बघितलंच नव्हतं. तिथले चार पाट लहान करून पुन्हा ओतावे लागले. मातीत रचलेल्या भिंती काटकोनात असतात असं धरून कुणी ड्रॉइंग काढू नका.

तिसऱ्या कडीत झोपाळ्यासाठी दोन जाड हूक ओतून घेतले होते, सळईला विचारून. माडीवर झोपाळा, समोर खिडकी, खिडकीत सुपारीची बाग, असं माझं फार सुंदर चित्र होतं. परवा घरातल्या आजी काम बघायला आल्या. हूक बघितले, हाताने ओढून बघितले. म्हणाल्या, "बाई गं, जिना चढून झोपाळ्यावर कोण येणार? माझ्या झोपाळ्याची कडी ओटीवरच घाल."

ओटीवर पाट नाहीत, तिथे उघडी कौलं आहेत. सळई, लाकडी तुळईला झोपाळा टांगायचा तर वादळी पट्ट्यात काय काळजी घेऊ?